साळवे डॉक्टरांचा हात

आमच्या शेजारचे साळवे डॉक्टर विमानाला इंजेक्शन देतात.

खरं विमान नव्हे हो, वीतभर प्लास्टिकचं. खोक्यात त्याचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे अन् कपाटात ठेवायचे, हा डॉक्टरांचा छंद. जोडायचा गोंद ते सिरिंजमध्ये भरतात. दोन्ही हातांनी सिरिंज धरून सुई पंखाच्या सांध्याला टेकवतात अन् म्हणतात, "हलू नको रे राजा. झालं, झालं." वरून सांधा बोटानं चोळतातसुद्धा, सुई टोचल्यावर म्हशीचा फरा चोळावा तसा.

सवय, दुसरं काय! उभा जन्म घनसावंगीकडं जनावरांच्या दवाखान्यात गेला. कागदोपत्री ते डॉक्टर नव्हतेच, पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. रिटायर होऊन जालन्यात आमच्या कॉलनीत घर बांधलं तरी डोक्यातली जनावरं काही सुटली नाहीत. पंख वाळत असला की "आज चारापाणी बंद, पेशंट झोपलाय." चाक निखळलं की "लंगडून राह्यलंय." एकदा मी कौतुकानं एक विमान मागून उचलायला गेले तर केवढ्यानं ओरडले! "मॅडम, शेपटीकडून न्हाई! बिथरतंय!" मी मुलांना शिकवणारी बाई, पण हात असा मागं घेतला जसं ते खरंच लाथ मारणार होतं.

ही खोड लागली कुठं, तर हैदराबादला. पुतण्याच्या लग्नाला गेल्ते. सगळं वऱ्हाड मोत्यांच्या अन् बांगड्यांच्या दुकानात, अन् हे भलत्याच दुकानातून काखेत खोकं मारून आले. त्यांच्या बायकोला, कांतावहिनींना, वाटलं मिठाई. घरी येऊन उघडलं तर प्लास्टिकच्या काड्या! "मी म्हणलं, गेले पैसे अन् गेलं माणूस," असं वहिनी अजून सांगतात.

कॉलनीला त्यांचा ताप म्हणाल तर एवढाच की दोरीवरचे चिमटे जागेवर राहत नाहीत. गोंद वाळेपर्यंत पंख दाबून धरायला डॉक्टरांना कपड्यांचे चिमटे लागतात. आमच्या साड्या वाऱ्यानं पार रस्त्यावर, अन् चिमटे कुठं, तर बॉम्बफेकी विमानाला!

दुसरा ताप त्यांच्या फुशारकीचा. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की डॉक्टर त्याला कपाटापुढं उभं करतात अन् विमानातला पायलट दाखवतात. पायलट केवढा, तर तुरीच्या दाण्याएवढं डोकं. पण त्याला भुवया, डोळे, ओठ अन् झुपकेदार मिशा! विमान जर्मनीचं असो की जपानचं, पायलट बिलकुल आपल्या भोकरदन तालुक्यातला. मग डॉक्टर गर्जतात, "हात पाहा, हात! हाय का जिल्ह्यात असा हात?" आवाज एवढा की चार घरं ऐकू जावा. आमचे हे म्हणायचे, "या माणसाला आरतीला दुसरं कुणी लागत नाही, स्वतःची स्वतःच करतो." मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला सांगू, मी तर कंटाळून मागच्या दारानं जायला लागले, म्हणजे ते कपाट लागू नये.

त्या मागच्या दारानंच सगळं उघडं पाडलं. एक दिवस दुपारी विरजण मागायला गेले. आत डॉक्टर घोरत होते, अन् स्वयंपाकघराच्या खिडकीशी कांतावहिनी पाटावर बसलेल्या. नाकावर चष्मा, डाव्या हाताच्या बोटांत पायलट, उजव्या हातात केसाएवढा ब्रश. श्वास रोखून त्या मिशा काढत होत्या.

मला पाहिलं अन् त्यांनी पायलट गपकन पदराखाली घातला.

"वहिनी! म्हणजे हे सगळं तुम्ही?"

"हळू बोला हो ताई!" त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. मग सांगितलं. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी डॉक्टरांच्या उजव्या हाताला कंप सुटला. जाडंभरडं काम हात टेकवून-टाकवून जमायचं, पण एका पायलटचा चेहरा रंगवताना सगळा लडबडला. डॉक्टरांनी ते विमान कचऱ्यात टाकलं अन् दोन दिवस जेवले नाहीत. "म्या गुपचूप काढून धुतलं," वहिनी म्हणाल्या, "अन् ते झोपल्यावर तोंड रंगवून ठिवलं. मला काय येतंय? भोकरदनकडं धावड्याला माहेरी आमचा मधला भाऊ हाय ना, त्याचं तोंड आठवून काढलं. म्हणून मिशा!"

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"काहीच न्हाई. उठले, पाह्यलं, अन् बाहेर जाऊन वरडले, हात पाहा, हात! तवापासून जेवण झालं की पायलट खिडकीत ठिवतेत अन् झोपतेत. उठेपर्यंत मी रंगवून ठिवते. आजवर आमी दोगं त्याच्यावर एक सबद बोललो न्हाई."

मला रागच आला. म्हटलं, "काम तुमचं अन् फुशारकी त्यांची? काहून ऐकून घेता?"

वहिनी हसल्या. "ताई, ते मला ऐकू यावं म्हणून तर वरडतेत. बायकोला तोंडावर शाबास म्हणायची आमच्याकडं रीत हाय का?" मग एकदम गंभीर झाल्या. "पण तुमी बोलू नका कुठं. हात गेला हे लोकायला कळलं तर ते पुन्हा उठून बसायचे न्हाईत."

मी विरजण घेतलं अन् शपथही घेतली.

पण कॉलनीचे सेक्रेटरी जाधव म्हणजे हौशी माणूस. त्यांना कुठं काय माहीत! सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ज्येष्ठांचा सत्कार असतो, शाल-श्रीफळ. यंदा साळवे डॉक्टरांचा. सगळं ठरल्याप्रमाणं झालं असतं, पण जाधवांनी माईक हातात घेतला अन् उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं, "आता आपले डॉक्टर सर्वांसमोर एक पायलट रंगवून दाखवतील! मी तेवढ्यासाठी आत्ताच पोरांना पाठवून त्यांच्या कपाटाशेजारचं सामान आणवलंय!" टेबल मांडलेलं, ब्रश, रंगाच्या बाटल्या, कोरा पायलट. पोरं पुढं सरकली. लोकांनी मोबाईल वर केले.

डॉक्टर शाल अंगावर घेऊन उभे, दोन्ही हात शालीच्या आत. मी शेवटच्या रांगेत वहिनींकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरून गेल्ता. त्या अर्ध्या उठल्या, परत बसल्या.

थंडी होती. "आज बोटं गारठलीत" एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो डॉक्टर, म्हणा, कुणाला कळतंय! जाधवांनी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला.

डॉक्टरांनी उजवा हात शालीतून बाहेर काढला अन् सगळ्यांपुढं धरला. तो हलत होता.

"हात पाहून घ्या," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "हा असा हाय. पाच-सहा वर्षं झाली. याच्यानं पायलट व्हत न्हाई. तुमी सगळ्यायनं जे पाह्यलं, ते समदं कांतानं केलेलं हाय. मी निस्ता वरडत होतो. सत्कार करायचा तर बराबर माणसाचा करा."

कुणी टाळी वाजवेना. वाजवावी का नाही हेच कळेना. डॉक्टर तसेच उभे, हात तसाच पुढं. तो खाली घ्यायचंही त्यांना सुचत नव्हतं.

वहिनी उठल्या. डोक्यावर पदर घेतला अन् खुर्च्यांमधून तरातरा पुढं आल्या. डॉक्टरांच्या जवळ येऊन म्हणाल्या, "एवढ्या लोकांत लाज काढली माझी." अन् खुर्ची ओढून बसल्या. पायलट उचलला, ब्रश रंगात बुडवला, निथळवला. बोटं अशी स्थिर, की पोरं वाकून पाहायला लागली.

डॉक्टर बाजूला उभेच. आता हातांचं करायचं काय, अशा बिचाऱ्या चेहऱ्यानं.

वहिनींनी मान वर न करता म्हटलं, "टेबल डुगडुगतंय. मिशी वाकडी जाईन माझी. निस्तं पाहून काय राह्यले? दोन्ही हातांनी दाबून धरा."

डॉक्टरांनी जल्दी जल्दी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले अन् अंगाचा सगळा भार दिला. दाबून धरल्यावर हात हलायचे थांबले.

ते टेबल आमच्या शाळेतलं. जुनं, लोखंडी. सकाळी चौघांनी मिळून मैदानात आणून ठेवलं होतं अन् ते तसूभरही हलत नव्हतं. पण मिशीचा शेवटचा केस काढून होईपर्यंत डॉक्टरांनी ते सोडलं नाही.