अँटेना धरणारे लिंबाजीमामा

लिंबाजीमामांच्या घरी टीव्ही होता, आणि लिंबाजीमामांनी तो कधी पाहिला नाही. रोज दुपारी ते त्या टीव्हीला खेटून उभे असायचे, पण पाठ टीव्हीकडं, तोंड खोलीकडं आणि एक हात अँटेनावर. हात ठेवला की चित्र साफ. हात काढला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

मामा म्हणजे आखाडा बाळापूर गावातले आमच्या समोरचे गिरणीवाले. पुढं पिठाची गिरणी, मागं राहायची खोली, वर पत्रे. भुवया कायम पांढऱ्या, पिठानं की वयानं ते मला कित्येक वर्षं कळलं नाही. पट्ट्याच्या खडखडाटात जन्म गेल्यानं कान पार बसलेले. त्यामुळं ते साधं "चहा घे" म्हणाले तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. मी लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा शिलाई मशीन तसंच सोडून धावत बाहेर यायचे, कुणाचं डोकं फुटलं बघायला. बाहेर बघावं तर मामा बायकोला विचारत असायचे, "भाजीत मीठ टाकलं का?"

गयामामी त्यांची बायको. लेकरूबाळ नव्हतं. गिरणीच्या दारात बसायचं आणि दळण घेऊन आलेल्या बाईला तिच्या चुलत सासूपर्यंत सगळं विचारायचं, यात मामींचा जीव. मग गुडघे गेले आणि खाट आली. दाराकडं बघत मामी दिवसभर पडून राहायला लागल्या, जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मामा घाबरले. नांदेडला जाऊन जुना टीव्ही घेऊन आले.

आधी अँटेना पत्र्यावर लावला होता. वानरांनी त्याचा पाळणा केला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मामा परत शिडी लावायला लागले तेव्हा मामींनी आतून ओरडून शपथ घातली, "पडून गिडून मेलात तर मी कुणाकडं बघू?" मग घरात ठेवायचा दोन दांड्यांचा अँटेना आला. एक दांडी नांदेडकडं, एक हिंगोलीकडं. तरी मुंग्या. दुरुस्तीवाल्यानं तो खिडकीत ठेवला, डब्यावर ठेवला, त्याला अ‍ॅल्युमिनियमची ताटली बांधली. शेवटी वैतागून म्हणाला, "मामा, जरा धरा हे, मी मागची वायर बघतो." मामांनी धरला आणि चित्र लख्ख! दुरुस्तीवाला म्हणाला, "तुमच्या अंगातच पावर हाय."

"कंपनीचा माल हाय!" मामा छाती थोपटून म्हणाले, आणि त्या दिवसापासून कामाला लागले.

दुपारची हिंदी मालिका सुरू व्हायच्या आधी गिरणी बंद. मामा जागेवर उभे, दांडीवर हात, आणि गल्ली हादरवणारी आरोळी, "आलं का?" खाटेवरून मामी पंजा वर करायच्या, म्हणजे आलं. पंजा हलवला म्हणजे मुंग्या. मग मामा एक पाय उचलायचे, कोपर वाकवायचे, भिंतीला टेकायचे. "आता आलं का?" दळण घेऊन खोळंबलेली, जवळच्या डोंगरकडा गावाची एक बाई चिडायची, "मामा, आमी काय इथंच मुक्काम करावं काय?" मामांचं ठरलेलं, "पीठ काय पळून चाललं व्हय? तिचा तिकडं जीव टांगून राहिला!"

ते "आलं का" त्यांच्या तोंडात असं बसलं की काही विचारू नका. बारीक झालं का बघायला पीठ चिमटीत घेतलं तरी "आलं का?" माझ्या लेकीच्या वेळी दवाखान्याच्या दारात सगळ्यांत पुढं मामा. सिस्टर बाहेर आली तशी आरोळी, "आलं का?" ती दचकून म्हणाली, "आलं." मामांनी विचारलं, "साफ हाय ना?"

आता गंमत अशी, की मामांना चित्र दिसायचं नाही आणि टीव्हीचा आवाज त्यांच्या कानात शिरायचा नाही. म्हणून मालिका संपली की मामी त्यांना गोष्ट सांगायच्या, ओरडून. गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणींनी तीच मालिका आपापल्या घरी पाहिलेली असायची, आणि लगेच मामांच्या खोलीतून मामींची मालिका ऐकू यायची. ती भलतीच! ट्रकखाली सापडलेला दीर मामींच्या गोष्टीत मामाच्या गावाला जायचा. विष घेतलेल्या आत्याचं नुसतं पोट बिघडायचं. आणि ती धाकटी सून, गुणाची पोर, जिच्यासाठी अख्खं बाळापूर रडलं, ती मेली त्या दिवशी मामी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काई न्हाई झालं, माहेरी गेली."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मामांचं कडाक्याचं वाजलं.

"मेली कशी? माहेरी गेली!"

"अहो मामा, फोटोला हार घातला तिच्या!"

"मंग? माहेरी गेल्यावर आठवण येत न्हाई का माणसाला? घातला हार!"

मला राहवेना. मी जाऊन मामींनाच विचारलं, "मामी, काहून फसवून राहिल्या त्या बिचाऱ्या माणसाला?" मामी पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यायनं माझ्यासाठी हात अवघडेपर्यंत उभं राहायचं, आन मी त्यायला मरणाच्या बातम्या देऊ? काहून देऊ?" मी चहा प्यायले आणि घरी आले.

एका हिवाळ्यात थोड्याशा तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. तोवर गल्लीत बऱ्याच घरांवर डिशच्या छत्र्या आल्या होत्या, अँटेना कुणी विचारत नव्हतं. मामांनी सगळं केलं, पाहुण्यांना वाटेला लावलं आणि गिरणी सुरू केली. रडले नाहीत. आरोळी मात्र बंद झाली, आणि गल्ली इतकी शांत झाली की मला मशीनवर बसवेना.

मग एक दिवस ती डोंगरकड्याची बाई दळण घेऊन आली. तिला काही ठाऊक नव्हतं. आत डोकावून म्हणाली, "मामी दिसून न्हाई राहिल्या?"

मामांनी गहू ओतता ओतता सांगितलं, "माहेरी गेली."

"कधी येतील?"

"पाहू."

मी ओट्यावरून ऐकलं. या माणसाला खरंच तसं वाटतंय की काय? आधी भीती वाटली, मग मामींचाच राग आला. काय शिकवून ठेवलं हे, म्हटलं.

त्याच दुपारी कितीतरी दिवसांनी आरोळी आली, "आलं का?"

मी हातातलं टाकून पळत गेले. टीव्ही सुरू होता. मामा त्यांच्या जागेवर, दांडीवर हात, आणि समोर रिकामी खाट. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "मामा, लोकांना काहून सांगता मामी माहेरी गेल्या म्हणून? मामी वारल्या, मामा!"

"मला काय ठावं न्हाई का?" मामा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते हळू बोलले. "तिला खांदा मीच दिला ना."

मी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"आन ती टीव्हीतली सून मेली, ते बी ठावं व्हतं. इथं उभं राहून मला काय दिसायचं? गयाच दिसायची. ती हसली की मला कळायचं, चांगलं झालं. त्या दिवशी पदर तोंडात कोंबून रडत व्हती. माहेरी गेलेल्या बाईसाठी एवढं रडतं का कुणी? पण ती म्हणली माहेरी गेली, मी म्हणलं बरं. तिचं मन काहून मोडू?" त्यांनी खाटेकडं पाहिलं. "टपरीवर बी भांडलो. तिच्या कानावर जाईल म्हून."

मी खाटेच्या कडेला टेकले.

"आता बसलीच तर सांग पोरी," मामा पुन्हा त्यांच्या आवाजात गरजले. "आलं का?"

मी पडद्याकडं पाहिलं. नुसत्या मुंग्या होत्या. मामांच्या हातात ती पावर आता राहिली नव्हती. मी पंजा वर केला.

"साफ?"

मी मान डोलावली. डोळे भरून आले म्हणून पदर लावला. मामा माझ्याकडं बघत होते, जसे त्या खाटेकडं इतकी वर्षं बघत आले तसेच. दांडीवरचा हात त्यांनी काढला नाही.

"काहून गं," त्यांनी विचारलं, "माहेरी गेलं का कुणी?"