छतावरचं बारसं

आमचे शेजारी दत्तूतात्या राजारामपुरीतल्या एका चकचकीत दुकानात शिरले, दारातच चपला काढल्या आणि मधल्या मोकळ्या फरशीवर सरळ उताणे झोपले. डोक्याखाली कापडी पिशवी घेतली. टीव्ही बघायला आलेलं एक जोडपं दोन पावलं मागं सरकलं.

"पावणं, चक्कर आली काय?" मालक काउंटरमागून धावत आला.

"चक्कर कशाची? प्रोजेक्टर बघाय आलोय. वर मारून दावा."

"वर?"

"वर म्हंजे वर. स्लॅबवर. आमच्यात भिंतीवर बघणारं कोण न्हाय."

मी शेजारीच उभा होतो आणि आपण यांच्याबरोबर आलेलो नाही, असा चेहरा करायचा माझा प्रयत्न चालला होता. तो तात्यांनी हाणून पाडला. "मास्तर, तुमी बी पडा की जरा. दोघांचं मत बरं असतंय." मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय. या गावात कुठल्याही दुकानात माझे दोनतीन विद्यार्थी निघतातच. मी पडलो नाही.

तात्यांचा सारा जन्म शिरोलीच्या फाउंड्रीत गेला. ते पॅटर्नमेकर. म्हणजे लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, वाळूत दाबून त्याचा साचा उठवायचा आणि त्यात रस ओतायचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. तात्या निवृत्त झाले, पण ही सवय काही निवृत्त झाली नाही. "वाढीव धरायचं, मास्तर. सगळं आकसतंय," हे त्यांचं उठताबसता म्हणणं. चपला एक नंबर मोठ्या घेतात. शर्टात आणखी एक तात्या मावेल. पेठ वडगावला दहाचं लग्न असलं की हे साडेसातला मांडवात हजर. मांडववाले त्यांनाच खुर्च्या मांडायला लावतात आणि ते मांडतातही.

पण त्या दिवशी दुकानात जे चाललं होतं, त्यात चेष्टेचा भाग कमी होता. तात्यांच्या बायकोचा, मालूकाकीचा, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाय घसरला आणि मणक्याला चीर पडली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे उताणं पडून राहायचं, मान वळवायची ती सुद्धा बेतानं. बरं होणार याची खात्री होती, त्यामुळं आम्ही सगळे निर्धास्त झालो. काकी मात्र झाली नाही. कारण त्यानंतर चारच दिवसांनी त्यांची एकुलती एक लेक रूपा निपाणीला बाळंत झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी. मुलगी झाली. बाळंतपण माहेरी व्हायचं, बारसं इथं आमच्या गल्लीत व्हायचं, काकीनं दुपटी शिवून ठेवलेली, पाळण्याला कुठली फुलं लावायची तेही ठरलेलं. आता सगळं सासरी. काकी बोलायचीच थांबली. जिचा आवाज चार घरं ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात यायचा, ती बाई गप्प झाल्यावर माझ्या बायकोला सुद्धा जेवण गोड लागेना.

रूपानं फोनवर बाळ दाखवायचा प्रयत्न केला होता. काकीनं मोबाइल तोंडावर धरला, हात भरून आला आणि मोबाइल थेट नाकावर पडला. "त्यो डबा परत माज्याफुडं आनू नगा," एवढंच ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून तात्या हातात टेप घेऊन वर बघत घरभर हिंडायला लागले. काकीला बारसं दिसलं पाहिजे, एवढं एकच खूळ त्यांनी डोक्यात घेतलं.

दुकानदार भला माणूस. त्यानं एकामागून एक प्रोजेक्टर आडवे करून छतावर मारून दाखवले. तात्या पडल्यापडल्या प्रश्न विचारत होते. "ह्यो घरघर लई करतोय, म्हातारीला बाळाचा आवाज कसा कळायचा? दुसरा दावा." "ह्यो वर बघून किती येळानं दमतोय?" दुकानदार म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नाही. मग त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला, "चित्र केवढं पायजे? शंभर इंच, एकशेवीस?"

तात्या उठून बसले. "बारा दिवसांचं बाळ केवढं असतंय?" त्यांनी दोन्ही हात समोर धरून माप दाखवलं. मग जरा विचार करून हात आणखी चांगले दोन फूट लांब नेले. "तेवढं."

शेवटी मान वर करून उभा राहणारा, कमी आवाजाचा एक छोटा प्रोजेक्टर आम्ही घरी आणला. आता अडचण पंख्याची. तो नेमका काकीच्या डोक्यावर. तात्यांनी पंखा उतरवला आणि कोपऱ्यात टेबलफॅन ठेवला. मग त्यांना स्लॅबवरचे डाग दिसले. काकीवर प्लास्टिकचा कागद पांघरला, वर छत्री धरून मला उभं केलं आणि तात्यांनी छताला चुना मारला. निम्मा माझ्या डोक्यावर पडला. काकी कागदाखालून बघत होती, पण एक शब्द बोलली नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही चाचणी घेतली. माझ्या बायकोच्या मोबाइलमध्ये गल्लीतल्या हळदीकुंकवाचा व्हिडिओ होता, तो लावला. छतावर लख्ख चित्र उमटलं. काकीनं बराच वेळ बघितलं आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ह्या समद्या बाया गुजराती कवा झाल्या?"

आम्ही माना वर केल्या. खरंच, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर आले होते. तात्यांनी मुद्दाम चित्र उलटं करून ठेवलं होतं. "साच्यात बघताना डावं-उजवं फिरलेलंच असतंय. हे बी खालनं वर बघायचं. तवा आधी उलटं करूनच सोडलं की सुलटं दिसंल," ते ठामपणे म्हणाले.

"साचा न्हवं ह्यो, छत हाय," काकी म्हणाली. "करा सरळ. आनि विहीणबाईंचा पदर असा आला तर मी हसत सुटन आनि मनका पुन्यांदा मोडंल."

काकी बोलली! मला इतकं हायसं वाटलं, की चुन्यानं खराब झालेला शर्ट मी तिथल्या तिथं माफ केला. चित्र सरळ केलं आणि सगळे निवांत झोपायला गेलो.

बारसं सकाळी अकराला होतं. खिडक्यांना चादरी लावल्या, निपाणीला व्हिडिओ कॉल जोडला, प्रोजेक्टर चालू केला आणि छतावर नुसता फिकट धूर दिसायला लागला. चाचणी संध्याकाळची. समोरच्या पत्र्यावरचं सकाळचं ऊन उसळून खिडकीवरच्या झरोक्यातून नेमकं त्याच छतावर येतं, हे आम्हा दोन हुशार माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिकडं बायकांचा गलका सुरू झाला. "आई, दिसतंय न्हवं?" रूपा विचारत होती.

"काय दिसंना गं," काकी म्हणाली.

तात्यांनी शिडी लावली, घोंगडं घेतलं, वर चढले आणि दोन्ही हातांनी ते झरोक्यावर दाबून धरलं. खोलीत काळोख झाला आणि छतावर झेंडूच्या माळांचा पाळणा उमटला. त्याच्या कडेला रूपा आणि तिच्या मांडीवर मिटल्या डोळ्यांचं, चादरीएवढ्या चेहऱ्याचं बाळ.

"दिसतंय, दिसतंय!" काकी ओरडली. चार घरं पलीकडं गेलं असेल. "नाक तुजंच हाय की गं!"

गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्यानं कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. जाई. काकी पडल्यापडल्या हात जोडून ते नाव पुटपुटत राहिली. माझा जीव भांड्यात पडला. मग माझं लक्ष शिडीकडं गेलं. तात्यांचं तोंड भिंतीकडं होतं. मी खालून हळूच म्हटलं, "तात्या, उतरा, मी धरतो. तुम्ही बघा."

"हलवू नगा, मास्तर. उजेड शिरंल."

पाऊण तास ते तसेच उभे होते.

कॉल संपल्यावर त्यांना खाली घेतलं, तर हात सरळ होईनात. मी चहा आणायला घरी गेलो. रूपा संध्याकाळी सगळं रेकॉर्डिंग पाठवणार होती, पण तेवढा धीर त्या दोघांना नव्हता. मी कप घेऊन परत आलो तेव्हा प्रोजेक्टर बंद होता, चादरी निघाल्या होत्या, खोलीत लख्ख ऊन होतं. तात्या कॉटच्या कडेला बसून मान वर करून कोऱ्या छताकडं बघत होते आणि काकी बोटानं दाखवत होती.

"ह्यो हितं पाळना. हितं विहीणबाई हुब्या. आनि ही बगा, हितं रूपा."

"आनि जाई?"

"ही काय, हितं."

तात्यांनी त्या जागेकडं खूप वेळ बघितलं.

"रडली काय गं?"

"कुर्र केल्यावर उलीसं रडली."

"व्हय," तात्या म्हणाले. "तेवढं आलं मला ऐकाय."