गॅरेथ पिकरिंगचं काहीच दुखत नाही

परदेशी शिकणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्याजवळ तीन गोष्टी असाव्या लागतात: वास्तव्याचा परवाना, भरलेली फी आणि आरोग्य विमा. चौथी भीड. ती आम्ही घरूनच नेतो.

माझा भाचा गॅरेथ पिकरिंग ग्रिम्सबीहून इथं माझ्या डच गावात आला, कालवे आणि बंधारे शिकायला. पोरगा इतका सालस, की भरधाव आलेल्या एका बाईच्या सायकलनं त्याला कठड्यावर आपटलं, तेव्हा त्यानं तिचीच माफी मागितली. पाय मोडला होता. डॉक्टरांनी कुठं दुखतंय विचारलं, तर म्हणाला, "विशेष काही नाही, उगाच तुम्हाला त्रास." आमच्याकडे याचा अर्थ जीव चाललाय असा होतो. पण डच माणूस बोललेलं खरं धरतो.

विमा कंपनीनं कळवलं, की रुग्णाच्या जबानीनुसार त्याला काहीही झालेलं नाही. सबब प्लास्टर हौसेखातर घातलेलं आहे आणि हौसेला विमा लागू नाही. पॉलिसी रद्द झाली. विमा नाही म्हणून परवाना स्थगित, परवाना नाही म्हणून फीची सवलत बंद. पुरी फी भरायची तर माझ्या बहिणीला राहतं घर विकावं लागणार होतं.

परवान्याच्या कचेरीत सुनावणी लागली. आधी गॅरेथ इथं राहतो हेच सिद्ध करायचं होतं. खालच्या मजल्यावरच्या होकस्त्राबाईंनी शपथेवर सांगितलं, की वरची खोली रिकामी आहे; तिथून कधी पाऊल वाजत नाही, गाणं नाही, भांडण नाही. हा दिवटा बूट जिन्यातच काढायचा. वर त्यानं बाईंना दुजोराही दिला, कारण वयस्कर बाईंना खोटं पाडणं बरं दिसत नाही.

अधिकारी मात्र दयाळू निघाले. "हे बघ बाळा, पाय दुखतो एवढं तोंडानं म्हण. विमा चालू होईल, बाकीचं मी बघतो."

मी टेबलाखालून त्याला ढोसलं, नेमकं प्लास्टरवरच. "बोल की रे गाढवा."

गॅरेथ कानापर्यंत लाल झाला. "थोडंसं दुखतं," तो म्हणाला, "पण बाहेर बसलेल्यांचं जास्त दुखत असेल. त्यांना आधी घ्या."

अधिकाऱ्यांनी त्यांना आधी घेतलं आणि गॅरेथची फाईल बंद केली.

गॅरेथ मायदेशी परतला. तिथल्या विद्यापीठानं सांगितलं, तू परदेशात राहून आलास, तेव्हा फी परदेश्याची लागेल. त्यानं त्यांचे आभार मानले. बहिणीच्या दारात आता विक्रीची पाटी आहे. सगळं ठीक ना, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, अगदी मजेत. मला दोघांचाही संताप येतो.

तुम्ही हसताय. हसा. पण आज सकाळी कुणी "काय, कसं काय?" विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते आठवा. "बरं चाललंय" म्हणालात ना? मग तुमचीही फाईल बंद झाली.