मागची सीट

"आता जिंदगीत मी पुढच्या सीटवर बसनार नाही!" रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दयारामदादा इंगळेंनी सुलतानपुरात जाहीर करून टाकलं.

उभा जन्म मेहकरच्या सरकारी ऑफिसात ड्रायव्हरकी केलेला माणूस. किती साहेब आले, किती बदलून गेले. पण दादा पुढे आणि साहेब मागे, ही मांडणी काही बदलली नाही. दौरा आटोपला की साहेब मागे मान टाकून झोपायचे आणि दादांना ते आरशात दिसायचे. त्या झोपेचा दादांना फार हेवा वाटे. ड्रायव्हरच्या अंगावर रस्ता समोरून धावून येतो, ट्रकसकट, म्हशीसकट! मागच्या माणसाला तोच रस्ता खिडकीतून गुपचूप निघून जाताना दिसतो. आपल्यालाही एकदा कुणीतरी असं न्यावं, आणि आपण निवांत झोपून जावं. बस्स, एवढंच मागणं होतं त्यांचं.

आणि मागची सीट घ्यायची, तर साधीसुधी कशाला? दादांनी फंडाच्या पैशातून थेट काळीभोर, लांबलचक विलायती गाडी आणली! आधी एका डॉक्टरची होती म्हणे. बारावी पास व्हावी एवढ्या वयाची. पण मागच्या सीटवर बूड टेकलं की माणूस लोण्यात रुतल्यासारखा आत जाई.

"बाबा, ही घेनं सस्तं हाय, पोसनं महाग," दुसरबीडच्या शाळेत मास्तर असलेला मुलगा, संघर्ष, म्हणाला.

"हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा असते बे! तू फक्त चालव. मी मागं बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर हत्ती खरोखरच बसलेला! गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं. संघर्षनं इंजिन सुरू केलं, तशी गाडी कण्हत कण्हत वर उठली. मग हे रोजचंच झालं. गाव सकाळी चहाचा कप घेऊन गाडी उठताना पाहायला जमू लागलं.

"उठली का महाराणी?" दादांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई रोज चुलीपासूनच विचारत.

दादांनी मेहकरच्या सहदेव मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि कानाला हात लावला.

"दादा, हिले स्प्रिंगाच नाहीत. हवेच्या पिशव्या हायेत, आन् त्या गळून राह्यल्या. पंपबी थकला."

"मंग बदल नं!"

सहदेवनं मोबाईलवर किंमत शोधून दाखवली. एका पिशवीत दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या, आणि पिशव्या होत्या चार! दादांनी मोबाईल परत केला.

"तवरक एक करा," सहदेव म्हणाला. "रस्त्यात इंजिन बंद करू नका. चालू असन तवरक ते उभी राहीन."

एवढंच ना? दादांचा जीव भांड्यात पडला. लौकरच अन्नपूर्णाबाईंच्या भाचीचं लग्न होतं, जळगाव जामोदला. लांबचा पल्ला! संघर्ष चालवणार, अन्नपूर्णाबाई शेजारी, आणि दादा मागे, झोपलेले!

लग्नाच्या दिवशी दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागचं दार उघडतात तोच मेव्हणी, भिमाबाई, दोन पिशव्या घेऊन उभी.

"अगबाई! जवाईबुवा, तुमी मागं? घरचा कर्ता मानूस मागं बसला तं लोकं काय म्हनतीन? पुढं बसा!"

"अवो, मले मागंच बसाचं हाय."

"उगाच मोठेपना देऊ नका आमाले! बसा पुढं!"

आता हिला कोण समजावणार, की साहेबाचा मान मागे असतो! आपल्याकडे तो पुढे असतो, ड्रायव्हरच्या बाजूला. दादा पुढे बसले.

मेहकरच्या स्टँडवर भिमाबाईंचे दीर शंकरराव भेटले. त्यांनाही लग्नालाच जायचं होतं. दादा टुणकन उतरले. "शंकरराव, तुमी वडीलधारे, पुढं बसा तुमी!"

"छ्या! गाडी कोनाची? तुमची. मान कोनाचा? तुमचा!" असं म्हणून शंकरराव मागे घुसलेसुद्धा. आणि जानेफळ यायच्या आत ते मान टाकून, तोंड उघडं टाकून झोपले! दादांनी आरसा आपल्याकडे वळवला आणि पाहत राहिले. अगदी तस्सेच झोपले होते, साहेबांसारखे! गाडी स्वतःची आणि झोप दुसऱ्याची. दादांना भरून आलं.

"बाबा, आरसा सोडा! मागचं दिसून नाही राह्यलं!" संघर्ष ओरडला.

"मले दिसून राह्यलं," दादा म्हणाले.

जानेफळच्या पुढे त्यांनी बेत आखला. "थांबव बे. सगळ्यायनं पाय मोकळे करा!"

मंडळी उतरली. दादांनी चपळाईनं मागच्या सीटवर रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा! आता कुणाची बिशाद? स्वारी खुशीत आली. तेवढ्यात त्यांचं लक्ष संघर्षकडे गेलं. पोरगा गाडी तशीच घुरघुरत ठेवून फोनवर बोलत होता! आणि दादांच्या आतला सरकारी ड्रायव्हर जागा झाला.

"काऊन बे? उभ्या गाडीत तेल जाळून राह्यला? बंद कर!"

बापानं एवढ्या जोरात सांगितलं, की पोरानं चावी फिरवली. इंजिन थांबलं.

फुस्स्स!

गाडी सगळ्यांच्या देखत खाली बसली. चावी फिरवली, पुन्हा फिरवली. समोर तांबडे-पिवळे दिवे लागले, पण थकलेला पंप कायमचा बसला होता, महाराणी काही उठेना.

"अवो, आपल्यात मुहूर्त नसला तरी टाइम असते नं लग्नाचा!" अन्नपूर्णाबाई रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "बुद्धवंदनेच्या वक्ती मी पाहिजे तिथं."

तेवढ्यात खामगावकडे जाणारी काळीपिवळी जीप आली. दादांनी हात करून ती थांबवली आणि सगळ्यांना तीत कोंबलं.

"आन् तुमी?"

"गाडी रस्त्यात टाकून येऊ का? तू आत्या हायस नवरीची. जाय! संघर्ष, खामगावातून कोनी गाडी उचलनारा धाड."

जीप गेली. धूळ खाली बसली. दादा एकटेच उरले, आणि मागचं दार उघडून हळूच आत गेले. वा! पण खिडकीतून काहीच निघून जाईना. एक बाभूळ होती, ती तिथंच उभी राहिली. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मान मागे टेकली, आणि हवी होती ती झोप एकदाची लागली.

टकटक! टकटक!

दादा दचकून जागे झाले. एक ट्रॅक्टरवाला काच वाजवत होता. दादांनी दार उघडलं. त्यानं दादांचा ड्रायव्हरसारखा पांढरा शर्ट पाहिला.

"ओ ड्रायव्हरदादा! मागं काऊन झोपले? साहेब आले तं शिव्या देतीन नं! पुढं बसा!"

साहेब आले म्हटलं की गुंडी लावायची, त्या जुन्या सवयीनं दादांचा हात शर्टाच्या वरच्या गुंडीकडे गेला. तो त्यांनी खाली घेतला.

"साहेब मीच हाव," ते म्हणाले.

ट्रॅक्टरवाल्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग रस्त्याला टेकलेल्या गाडीकडे.

"असं का? मंग ड्रायव्हर कुठं गेला?"

"तो?" दादा अडखळले. "तो रिटायर झाला."

"तरीच!" ट्रॅक्टरवाला हळहळला. "मोठा हुशार असन हो तो मानूस! तो असता तं गाडीची अशी दशा झाली नसती!"

दादांना हसावं की रडावं कळेना. अख्ख्या नोकरीत एकाही साहेबानं त्यांच्याबद्दल असं म्हटलं नव्हतं.