बोट काढू नकोस!

सर्किटमधला बिघाड शोधण्यात आमच्या वर्गात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान मी तरी तसं सांगत फिरायचे! त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षेत ऑप-अ‍ॅम्पचं सर्किट वाट्याला आलं, तेव्हा मी जोडीदारणीला ऐटीत म्हटलं, "तू नुसती बघ. दहा मिनिटांत उडवते!"

जोडीदारणीला आम्ही 'शंका' म्हणायचो. तिला उठता-बसता येतात म्हणून.

काम साधं होतं. ऑप-अ‍ॅम्पची आठ पायांची एवढीशी काळी चिप ब्रेडबोर्डच्या भोकांत बसवायची, वायरी जोडायच्या आणि आत सोडलेली विजेची छोटी लाट दहापट होऊन स्क्रीनवर दाखवायची. नाही दाखवली तर नापास आणि पुढच्या सत्रात पुन्हा हीच लॅब!

सप्लाय चालू केला. लाटबीट काही नाही. एक सरळ रेघ, छताला पाल चिकटावी तशी वर चिकटलेली!

"चिप जळली असेल का गं?"

"गप!"

मी रेझिस्टर बदलले. वायरी बदलल्या. शेजारच्या टेबलावरचा सप्लाय ढापला. त्यांची लाट गेली, आमची रेघ काही हलेना! शेवटी वैतागून चिपवर बोट दाबलं, "चाल की गं बये!"

आणि काय सांगू, लाट आली! गुबगुबीत, झोकदार, बरोब्बर दहापट! बोट उचललं, की पुन्हा पाल.

"बोट काढू नकोस!" शंका किंचाळली. तिच्या तोंडून प्रश्न नसलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी उभे!

"लाट छान आहे. पण हे बोट कशाला?"

"तापतेय का बघतेय, सर."

"बरं. या कागदावर सही करा."

आली का पंचाईत! बोट नेमकं उजव्या हाताचं! मी डोळ्यांनी खुणावलं. शंकाने झडप घालून आपलं बोट ठेवलं. मधल्या क्षणात लाट धाडकन गेली आणि परत आली. परीक्षकांच्या भुवया चष्म्याच्या वर चढल्या.

"आता हिलाही ताप बघायचाय?"

माझी जीभ नको तेव्हा चालते. "सर, हे... स्पर्शावर चालणारं सर्किट आहे! आम्ही मुद्दाम तसं केलंय."

शंकाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"काय सांगता!" परीक्षकांनी स्वतःचं बोट टेकवलं. लाट! उचललं. रेघ! टेकवलं. लाट! लहान मुलाला दाराची बेल सापडावी तसे ते हरखले. थेट विभागप्रमुख बाईंना बोलावणं गेलं. सगळा वर्ग गोळा झाला. परीक्षक चिपवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत असं डोकं पाहिलं नाही! यामागचं तत्त्व मी समजावतो." आणि चक्क पाच मिनिटं समजावलं! बाई मान डोलावत होत्या. मीही डोलावली.

मग गर्दीतून लॅबचे काका आले. "जरा बघू," म्हणत त्यांनी परीक्षकांचं बोट अलगद बाजूला केलं, चिमट्याने चिप उपटली आणि उलटी करून सगळ्यांसमोर धरली.

"एक पाय वाकून पोटाखाली गेलाय. बोटाने दाबलं की टेकतो."

परीक्षक चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसला. मग खाली मान घालून त्यांनी आमच्या कागदावर काहीतरी खरडलं.

पास झालो. काठावर. शेऱ्यात लिहिलं होतं, 'तत्त्वाची जाण उत्तम, पण साधा बिघाड ओळखता आला नाही.'

हा शेरा नक्की कोणाबद्दल होता, ते विचारायचं धाडस काही मला झालं नाही!