बिनखोटीचा कोंबडा

हिंदुराव तात्या माणसाच्या तोंडाकडं नंतर बघतात, आधी पाय बघतात. आम्ही उचगावच्या कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि शेजारच्या फाटकाला टेकून एक उंच, वाळका म्हातारा माझ्या पावलांकडं टक लावून उभा होता. मी पदर सारखा केला, चपला सारख्या केल्या, तरी त्याची नजर हलेना. शेवटी तो म्हणाला, "डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं हाय तुजं. जलमाचं का नंतरचं?"

जन्माचंच होतं. आईशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या, विजयच्यासुद्धा नाही, आणि आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"जलमाचं," मी सांगून टाकलं.

"मग बाद," असं म्हणून म्हातारा आत गेला. थोड्या वेळानं चहाची किटली आणि चार कप घेऊन बाहेर आला, ती गोष्ट वेगळी.

तात्यांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेली. ओतून आलेला माल तपासायचा, हातोडीनं वाजवून बघायचा, आणि ज्यात चीर नाहीतर भोक सापडेल त्याच्यावर लाल खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर कंपनीनं शाल-नारळ दिला, पण ती नजर काही काढून घेतली नाही. मग ती घरात फिरायला लागली. काकी, म्हणजे तात्यांची बायको, भाकरी वाढायच्या तर तात्या ती आधी उजेडाला धरून बघायचे. गल्लीत नव्या गटारीची झाकणं बसली तर सकाळी त्यातल्या निम्म्यांवर लाल फुल्या! शेवटी काकींनीच वैतागून माहेराहून असील कोंबड्यांची एक जोडी आणली आणि सांगितलं, "ह्यास्नी बघत बसा. माज्या भाकरीकडं बघायचं न्हाई."

तात्या बघत बसले ते आजतागायत.

असील ही आपल्याकडची जुनी, अस्सल जात. लांब मान, खाली झुकलेली शेपटी, बसका तुरा, मोत्यासारखा पांढरट डोळा, आणि उभं राहणं असं की समोरच्यानं आपोआप पोट आत घ्यावं. लोक या कोंबड्यांच्या झुंजी लावतात. तात्यांना ते अजिबात खपत नाही. एकदा मोटरसायकलवरून एक जण झुंजीसाठी कोंबडा मागायला आला, तर तात्यांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "पावणं, तुमचाच एक खांदा खाली हाय. तुमी कशाला झुंजी लावतासा?" तो माणूस गाडीच्या आरशात खांदा बघत परत गेला.

तात्यांना झुंज नको, बक्षीस नको. त्यांना जात सुधारायची आहे. त्यासाठी दरवर्षी दिवाळी झाली की एका रविवारी छाटणी असते. वर्षभराची पिल्लं तोवर मोठी झालेली असतात. तात्या आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून परसात स्टूल टाकून बसतात. एकेक कोंबडं काखेत घेतात. बोटं पसरून बघतात, पंख उघडून बघतात, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवतात, मग खाली सोडून त्याला चालू देतात. वाकडं बोट, बाद. फाटका पंख, बाद. डोळा पिवळट, बाद. बाद झालेल्याच्या पायाला लाल दोरा. "डोळं भरून आलं म्हनून कोंबडं ठेवायचं नसतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "एक खोट ठिवली की फुडची सगळी पिल्लं तीच खोट घिऊन येत्यात."

लाल दोऱ्याची कोंबडी गल्लीत वाटली जातात. अट एकच, पाळायची नाहीत, खायची. स्वतः तात्या मटणावर आडवा हात मारतात, पण घरचं कोंबडं तोंडाला लावत नाहीत. "अंड्यातनं भाईर येताना बघितलंय त्येला. ताटात कुटं वळख दाखवू?" म्हणतात. त्या रविवारी सगळ्या गल्लीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास सुटतो आणि तात्या एकटे वरण-भात खातात.

पण प्रकरण तिथं संपत नाही. सोमवारी सकाळी तात्या घरोघरी छातीचं हाड मागत फिरतात. ते हाड सरळ होतं का वाकडं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. विजय ऑफिसच्या कपड्यांत कचऱ्याच्या डब्यात हात घालून हाड शोधत होता, मग ते बेसिनमध्ये साबणानं धूत होता. तात्यांनी ते उन्हात धरलं. वाकडं निघालं. "बघा! म्हनलं हुतं का न्हाई?" असं गरजून ते इतके खूष झाले की विजयला पाठीत थाप बसली. पण एखाद्याच्या घरचं हाड सरळ निघालं, तर तात्या दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

गल्लीनं या नजरेचा उपयोगही करून घेतला. माझ्या भाचीला इचलकरंजीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून तात्यांना बोलावलं होतं. पोहे झाले आणि मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव हं, बाळ." अजूनही म्हणतात लोक असं! भाची उठणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "तिचं बघू की सावकाश. आदी पावणं, तुमी चाला."

मुलगा हसला. तात्या हसले नाहीत. मग बिचारा उठला, दारापर्यंत गेला, वळून परत आला. तात्यांनी त्याला आणखी एक फेरी मारायला लावली. "टाच घासतीया," त्यांनी निकाल दिला, "पन छाती सरळ हाय. ठिवायला हरकत न्हाई." लग्न झालं, संसार छान चालला आहे. जावई अजूनही तात्यांच्या फाटकावरून जाताना टाच उचलून चालतो.

या सगळ्या बादशाहीला एकच माणूस पुरून उरायचं, ते म्हणजे काकी. छाटणीच्या दिवशी तात्या हात धुवायला उठले की काकी कात्री घेऊन यायच्या आणि जो कोंबडा त्यांच्या मनात भरलेला असेल त्याच्या पायाचा लाल दोरा कापून टाकायच्या. तात्या परत येऊन बघायचे आणि पुढचं कोंबडं काखेत घ्यायचे. दरवर्षी खुराड्यात एक तरी वाकड्या बोटाचं, नाहीतर पिवळ्या डोळ्याचं कोंबडं आरामात म्हातारं होत असायचं. मी एकदा विचारलं तर तात्या म्हणाले, "त्यो तिचा कोटा हाय."

काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात तात्या परसात घसरले, मनगट मोडलं. पुण्याहून त्यांची मुलगी सुनंदा धावत आली. एकुलती एक, बापासारखीच उंच, आणि बापासारखीच थेट. "तात्या, आता बास. पुण्याला चला," ती म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. रोज सकाळी फोन उचलायला जरा उशीर झाला की ती मला फोन करायची, "काकू, जरा भिंतीवरनं डोकावून बघा की."

तात्या नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली. "थोरला कोंबडा म्हातारा झालाय. त्येच्या जागी एक बिनखोटीचा निघू दे. मग कुरुंदवाडचा आपला पावना कोंबडी पाळतोय, त्येच्या हवाली सगळं करतो आन् येतो. अर्धवट माल कुनाच्या हातात द्यायचा न्हाई."

सुनंदानं मान्य केलं. पहिल्या वर्षी सगळे बाद. दुसऱ्या वर्षी एक बरा होता, त्याचा तुरा बाद. सुनंदा दर छाटणीनंतर फोन करायची आणि तात्या सांगायचे, "न्हाई निघाला, बाई."

यंदा निघाला.

मला कोंबड्यांतलं काय कळतं? पण इतकी वर्षं भिंतीवरून बघून माझीही नजर तयार झाली आहे. काळसर तांबडा, पाय खांबासारखे, डोळा मोत्याचा. तात्यांनी त्याला काखेत घेतलं, बोटं पाहिली, पंख पाहिले, छातीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खाली सोडलं, तर तो अख्ख्या परसातून असा चालत गेला की मी चहाचा कप हातात धरून उभीच राहिले. तात्या बराच वेळ नुसते बघत बसले. मग त्यांनी खिशातून लाल दोरा काढला.

"धर," ते मला म्हणाले. "रस्सा कर."

"तात्या, ह्याच्यात खोट कुठं हाय?"

"हाय."

"कुठं हाय? दाखवा की."

तात्यांनी कोंबडा माझ्या हातात दिला आणि स्टूल उचललं. "ह्येला ठिवला तर मला जाया लागतंय," ते म्हणाले. "सुनंदाला शब्द दिलाय. पोरगी मायेनं बोलवती, मला कळत न्हाई व्हय? पन तिथं बाराव्या मजल्यावर सकाळी उठून मी काय बघू? ती कामाला जानार, जावई कामाला जानार. हितं कोंबडी हायती, तुमी हायसा. तुज्या काकीची कात्री हाय खिळ्याला." एवढं बोलून ते आत गेले, आणि मला रडू आलं. कोंबडा काखेत, त्यामुळं डोळेही पुसता येईनात.

विजय मसाला वाटायच्या तयारीत होता. मी त्याला सांगितलं, आज आमटी-भात. आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन कोंबड्याच्या पायाचा दोरा कापला.

सोमवारी तात्या हाड मागत फिरले. सगळ्या घरी गेले. आमच्याकडं आले नाहीत. मंगळवारी पहाटे आमच्या परसातून त्या कोंबड्यानं अशी बांग दिली की विजय अंथरुणात उठून बसला. मी बाहेर आले तर भिंतीपलीकडं तात्या उभे. त्यांनी कोंबड्याचा पाय बघितला, दोरा नव्हता. मग माझ्याकडं बघितलं, पायांकडं नाही, तोंडाकडं.

"तिची सवय लागली तुला," म्हणाले आणि भिंतीवर मक्याच्या भरड्याची पिशवी ठेवून गेले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत बसले होते, तेव्हा सुनंदाचा फोन आला. तात्या फोन नेहमी स्पीकरवर लावतात.

"निघाला का, तात्या?"

"न्हाई निघाला, बाई. सगळं बाद."

तेवढ्यात आमच्या परसातून तो आरवला. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

"हा कुणाचा आरवतोय?"

"शेजारच्यांचा."

"काकूंचा? त्यांनी कवापासनं पाळला?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फोनकडं वाकून म्हणाले, "आणलाय गं एक. असाच."

सुनंदा दर सुट्टीला त्याच परसात तात्यांच्या शेजारी बसून कोंबडी बघत आली आहे. आमच्या गल्लीत असीलाची बांग ओळखणारी तात्यांच्या खालोखाल तीच.

"आवाज लई चांगला हाय की," ती सावकाश म्हणाली. "कशात बाद झाला?"

तात्या स्वतःच्या पायांकडं बघत बसले होते.

"बरं, असू दे," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "फुडच्या वर्षी बघू. परसात पाणी सांडलं असलं तर चप्पल घालून जात जावा. आणि मी संक्रांतीला येते, राहायलाच येते आठ दिवस."

फोन बंद झाला. तात्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला, खिशात ठेवला.

"तिची नजर माज्यावर गेलीया," ते म्हणाले. "काय सुटत न्हाई तिच्यातनं." मग भिंतीकडं बघत मला विचारलं, "संध्याकाळचं मका घातलास का त्येला?"