माझे चोवीस शहाणे उंदीर

उंदराला दांडीवर उभं करावं ते मीच, असं मी घरीदारी छातीठोकपणे सांगत असे. प्रयोगशाळेत ते फक्त ताईला जमतं, एवढंच सांगत नसे!

ताई माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तरी अख्खी प्रयोगशाळा तिला ताई म्हणते. मला कोणी दादा म्हणत नाही. असो!

मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी माणसाचे हातपाय आखडतात. ते आम्ही उंदरांवर तपासतो. सर निम्म्या उंदरांना औषध टोचतात, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग आम्ही त्यांचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवून सेकंद मोजतो. धडधाकट उंदीर लगेच उतरतो, आखडलेला तसाच उभा राहतो. तीन मिनिटांनी मोजणं बंद. कोणाला काय टोचलं, ते सरांच्या बंद पाकिटात.

"परिषदेला यंदा एकच जण जाणार," सर म्हणाले. "ज्याचे आकडे चांगले, तो! ताईचं काम बघा जरा."

माझ्या पोटात दुखायला लागलं. माझे उंदीर औषधाचे असोत की पाण्याचे, हातातून उडी मारून थेट कपाटाखाली!

"घाबरतात ते तुम्हाला," बायको म्हणाली. "गोंजारा जरा. मीसुद्धा सुरुवातीला घाबरायचे."

दुसऱ्या दिवसापासून मी तासभर आधी जाऊ लागलो. उंदीर दांडीवर ठेवायचा, हलला नाही की बिस्किटाचा तुकडा! यात काही चुकतंय, हे मनात यायला हवं होतं. पण मनात जागा कुठे होती? तिथे ताई ठाण मांडून बसली होती!

दोन आठवड्यांनी खरी मोजणी झाली. माझा पहिला उंदीर तीन मिनिटं! दुसरा तीन मिनिटं! तेवीसच्या तेवीस!

"ताई, तुझं काय गं?"

"निम्मे पाच सेकंदांत उतरले."

"अरेरे!" इतक्या आनंदाने मी कधीच हळहळलो नव्हतो.

चोविसावा दांडीवर असतानाच सरांनी पाकीट फोडलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काय हो, तुमच्या मते मिठाच्या पाण्यानेही हातपाय आखडतात? मग मी रोज जेवून चालतो कसा?"

ताई वाकून बघत होती. "सर, हा आखडलेला नाही. ह्यांच्या खिशाकडे बघतोय." तिने माझ्या कोटाच्या खिशातून बिस्कीट काढून टेबलाच्या टोकाला ठेवलं. उंदीर टुणकन उतरला आणि तिकडे धावला!

"दादा, हे काय हो?" ती म्हणाली. दादा म्हणायला हाच मुहूर्त सापडला तिला!

परिषदेला ताईच गेली. विषय काय, तर प्रयोग करणाऱ्याच्या लाडाने उंदरांचे आकडे कसे बिघडतात! म्हणे फार गाजला. माझं नाव तिने घेतलं नाही, नुसतं 'एक संशोधक' म्हणाली. बघा, किती चांगली आहे ती! तेच तर मला सहन होत नाही.